ओली चटई आणि जपानी तलवार : पहिला काप नीट कसा शिकावा

तामेशिगिरी, म्हणजे जपानी तलवारीने ओल्या चटईची गुंडाळी कापण्याचा सराव. तो शिकायला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक सवय लावायला हवी. तुकडा किती लांब उडाला हे बघायचं सोडून द्या. जमिनीवर पडलेला तुकडा उचला आणि त्याची कापलेली बाजू उजेडात धरून बघा. मनगट कुठे वळलं, वेग कुठे मेला, अंतर कुठे चुकलं, हे सगळं तिथे दिसतं. सोबतीला जाणता शिक्षक हवाच, पण ही बाजू वाचता येऊ लागली की शिकण्याचा वेग फार वाढतो.

इदो काळात (१६०३–१८६८) अशा कापातून परीक्षा व्हायची ती तलवारीची. यामादा आसाएमोन हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या घराण्याकडे शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, तलवारी पारखण्याचं काम होतं. मृत्युदंड झालेल्यांच्या प्रेतांवर वार करून बघत आणि निकाल पात्याच्या मुठीत दडणाऱ्या भागावर कोरला जाई. आज तलवार चांगली आहे हे धरूनच चालतात. परीक्षा तलवार धरणाऱ्याची असते. १९२५ च्या सुमारास तोक्योच्या तोयामा लष्करी शाळेत उभ्याने तलवार चालवण्याची पद्धत बसवली गेली. तिच्यातून आजची तोयामा-र्‍यू शैली आली. त्याच परंपरेतले नाकामुरा ताइझाबुरो (१९१२–२००३) यांनी आठ दिशांच्या कापांवर आपली नाकामुरा-र्‍यू उभी केली. प्रत्यक्ष कापायला शिकायचं असेल तर अशा बात्तोदोच्या, म्हणजे तलवार उपसून कापण्याच्या विद्येच्या, दोजोत (सरावशाळेत) जावं. बऱ्याचशा इआइदोच्या, म्हणजे तलवार उपसण्याच्या कलेच्या, वर्गांत समोर काही न ठेवता हवेत करायचे वारच शिकवतात. ते शिक्षण उत्तम असतं, पण चटई समोर येईलच असं नाही.

तलवारीबद्दल आधी स्पष्ट बोललं पाहिजे. सरावाची इआइतो जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, तिला धार नसते. तिने काहीही कापायचं नाही. भिंतीवर लावायच्या स्टेनलेस स्टीलच्या तलवारी त्याहून धोक्याच्या. एवढ्या लांबीचं स्टेनलेस पातं आघातात तुटू शकतं. शिवाय मुठीच्या आत बहुतेक वेळा वेल्डिंगने जोडलेली बारीक सळई असते. ती तुटली की पातं सुटून समोरच्याच्या अंगावर जातं. कापण्यासाठी फक्त शिनकेन, म्हणजे खरी धारदार तलवार. तिच्या पात्याचा मुठीतला भाग लांब आणि अखंड असतो, आणि तो मेकुगी नावाच्या बांबूच्या खुंटीने मुठीत अडकवलेला असतो.

ही खुंटी बोटाएवढीही नसते, आणि सगळी तलवार तिच्यावर धरलेली असते. वर्ग सुरू होण्याआधी, दोन-चार कापांनंतर आणि शेवटी ती तपासायची. बोटाने दाबून हलली, किंवा मूठ हलवताना ‘टक’ असा बारीक आवाज आला, तर तलवार बाजूला ठेवा आणि शिक्षकांना दाखवा. धातूची खुंटी ठोकणं हा उपाय नव्हे. ती मुठीचं लाकूड आणि पात्यातलं भोक दोन्ही खाते.

जपानमध्ये शिकायला किंवा नोकरीला असलेल्या मराठी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. तिथे परंपरागत पद्धतीने घडवलेल्या तलवारीचीच नोंदणी होते. नोंदणीपत्र तलवारीसोबत असावं लागतं आणि मालक बदलला की २० दिवसांत संबंधित प्रांताच्या शिक्षण मंडळाला कळवावं लागतं. दुसऱ्या देशात बनलेली धारदार नक्कल तिथे नेता येत नाही. भारतात तलवार शस्त्र कायदा, १९५९ खाली येते आणि महाराष्ट्रात तलवार बाळगल्याचे गुन्हे याच कायद्याच्या कलम ४ आणि २५ खाली नोंदवले जातात. त्यामुळे ऑनलाइन मागवण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत लेखी चौकशी करा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

आता चटई. तातामीच्या वरच्या थराला ओमोते म्हणतात, तो इगुसा नावाच्या लव्हाळ्यासारख्या गवताचा विणलेला असतो. साधारण ९० सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर लांब. कडेची कापडी पट्टी असेल तर ती काढून टाका. लांबीच्या बाजूने घट्ट गुंडाळा, म्हणजे ९० सेंटिमीटर उंचीची आणि ८ ते १० सेंटिमीटर जाडीची गुंडाळी होते. नवशिक्याने अर्धीच चटई गुंडाळावी. सुतळीने किंवा रबरबँडने तीन-चार ठिकाणी बांधा. गुंडाळी सैल राहिली तर पातं आत शिरताच थर एकमेकांवरून सरकतात आणि चांगला वारही बिघडतो. मग चूक आपली की चटईची हे कळत नाही.

गुंडाळी पूर्ण बुडेल अशी पाण्यात रात्रभर ठेवा. कोरडी चटई पात्याला घासते आणि अडवते. भिजलेली मऊ, जड आणि एकसारखी होते. कापायच्या आधी दोन-तीन तास उभी करून निथळू द्या, नाहीतर पहिल्या वारालाच जमीन ओली होते आणि पाय घसरतो. उन्हाळ्यात दोन दिवसांहून जास्त भिजवली तर ती आंबते, घाण वास मारते आणि लगद्यासारखी होते. आपल्याकडे ओमोते मिळणं अवघड. लव्हाळ्याची किंवा गवताची चटई चालते, पण विणीचा धागा सुती असल्याची खात्री करा. नायलॉनचा धागा आणि प्लॅस्टिकची चटई नको. ओल्या वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या स्वस्त पडतात खऱ्या, पण कागदात खनिज भुकटी मिसळलेली असते आणि ती पात्यावर ओरखडे पाडून धार घालवते.

गुंडाळी लाकडी खुंटीवर खोचून उभी करतात. खुंटी लाकडाचीच हवी, कारण वार खाली गेला तर पातं लोखंडावर आदळता कामा नये. बूड जड हवं, हलत असेल तर वाळूची पोती टाका. गुंडाळीचं वरचं टोक तुमच्या खांद्याच्या आसपास यावं. पाहणारे बाजूला नव्हे, कापणाऱ्याच्या मागे उभे राहतील, आणि तेही निदान चार मीटर.

पकड. डावा हात मुठीच्या अगदी टोकाला, उजवा पुढच्या चकतीच्या, म्हणजे त्सुबाच्या, बोटभर मागे. दोन हातांमध्ये थोडी मोकळी जागा. करंगळी आणि अनामिका मूठ धरतात, मधलं बोट साथ देतं, तर्जनी आणि अंगठा नुसते टेकलेले. अंगठा आणि तर्जनीमधली खाच दोन्ही हातांची पात्याच्या पाठीच्या रेषेत यायला हवी. क्रिकेटची बॅट धरल्यासारखं मनगट बाजूने आलं की धार वाराच्या वाटेशी जुळूच शकत नाही. वार लागतो त्या क्षणी दोन्ही हात ओलं कापड पिळताना वळतात तसे आतल्या बाजूला आवळतात, त्याआधी सैल असतात. ताकद डाव्या हाताची, दिशा उजव्याची. उजव्या हाताने काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं इथे उलटं होतं. कोल्हापूरकडे मर्दानी खेळ शिकलेल्यांचे पाय आणि खांद्याची फिरत सुरेख असते. पण दांडपट्ट्यात मनगट बांधलेलं आणि काम एकाच हाताचं, त्यामुळे डावा हात कामाला लावायला त्यांना जरा जास्त वेळ द्यावा लागतो.

चटईपुढे उभं राहण्याआधी लाकडी बोक्केनने आणि मग खोबणीच्या इआइतोने हवेत वार घोटायचे. पात्यातल्या खोबणीमुळे, धारेचा कोन वाराच्या वाटेशी जुळला तर, स्वच्छ ‘सूं’ असा आवाज येतो. आवाज किती मोठा यापेक्षा तो कुठे येतो ते ऐका. डोक्याच्या वर आला तर वेग आधीच संपला. समोर, जिथे चटई असणार तिथे यायला हवा.

पहिला काप नेहमी उजवी केसा: उजव्या खांद्यावरून तिरपा खाली डावीकडे, जमिनीशी साधारण ४५ अंशांचा. उजवा पाय पुढे, डावा मागे. हा नियम कधीही मोडायचा नाही. तलवार डावीकडे खाली उतरते. डावा पाय पुढे असेल आणि हात आवरला नाही तर पातं स्वतःच्याच गुडघ्यावर किंवा नडगीवर येतं. डावी केसा घेताना डावा पाय पुढे.

अंतर मोजूनच घ्या. हात लांब करून पातं कापाच्या कोनात चटईला हळूच टेकवा. टोकापासून साधारण १० ते २० सेंटिमीटरमधला पट्टा, मोनोउची, चटईवर यायला हवा. पायांची जागा पक्की करा, तलवार वर घ्या, श्वास सोडत वार करा. गुंडाळीच्या वरच्या टोकापासून १५ सेंटिमीटरवर मारा. त्याहून वर मारलं तर वरच्या तुकड्याला वजन उरत नाही, तो नुसता मोडतो. मुद्दाम ओढून कापू नका; हात पूर्ण लांब ठेवून मोठा कंस काढला की पात्याचा बाक ओढण्याचं काम करतो. वार पोटाच्या खालच्या उंचीवर, पातं जमिनीला लागायच्या बऱ्याच आधी, हातांनी थांबवायचा.

आता तुकडा उचला.

नीट कापलेल्या बाजूवर प्रत्येक काडीचं टोक उघडं, लंबगोल आणि मधला पांढरा गर दिसेल असं असतं, आणि सगळी बाजू पट्टी टेकवली तर सपाट. असा तुकडा बऱ्याचदा उडतही नाही. क्षणभर जागीच राहतो आणि मग घसरून पडतो.

बाजू वाटीसारखी खोलगट असेल तर कापता कापता मनगट वळलं. सुरुवात ४५ अंशांनी झाली, मध्येच उजव्या हाताने पातं स्वतःकडे ओढलं आणि काप आडवा झाला. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. उपाय हवेतच करायचा: अगदी सावकाश वार, चार ठिकाणी थांबून धार आणि वाटेचा कोन बघत. डावा हात शेवटी बेंबीच्या रेषेच्या डावीकडे, शरीराजवळ यायला हवा. तो मधेच हवेत अडकला की उजवा ओढतोच.

पातं अर्ध्यात अडकलं तर हासुजी चुकली, म्हणजे धारेचा कोन आणि वाराची वाट एक नव्हती. इथे जोर वाढवणं सगळ्यात वाईट. पातं पिळवटून बाहेर काढायचं नाही. कुणीतरी गुंडाळी धरावी आणि शिरलं त्याच वाटेने ते मागे घ्यावं. मग पाठीच्या रेषेतून एक डोळा मिटून बघा, बाक आलाय का. जपानी पातं सहसा तुटण्याआधी वाकतं, पण वाकलेलं पातं गुडघ्यावर सरळ करण्याचा प्रयत्न करू नका. ते कारागिराचं काम.

बाहेर पडण्याच्या बाजूला काड्यांची झालर लोंबत असेल, तर चटई लागताच हात घाबरून आखडला. थांबण्याची जागा चटईत नाही, चटईच्या पलीकडे ठरवा. पलीकडची कड सबंध, न कापलेली राहिली तर लांब उभे होतात आणि फक्त टोक गेलं. काड्या चेपलेल्या, खालचा बुंधा कलंडलेला किंवा खुंटीवरून उखडलेला दिसला, तर वार मारला गेला, कापला गेला नाही. अर्थात बूड हलतं नव्हतं ना आणि गुंडाळी फार भिजलेली नव्हती ना, हेही बघा.

सुरुवातीला एका गुंडाळीवर चार-पाच काप पुरे. प्रत्येक तुकडा क्रमाने मांडून ठेवा, चूक एकच आहे की दरवेळी वेगळी, ते शेजारी ठेवल्यावर कळतं. एकच असेल तर ती लवकर सुटते.

कापल्यावर तलवार तशीच म्यानात घालायची नाही. ओलावा आणि काड्यांचा चुरा आत गेला की म्यानाच्या लाकडात राहतो, आणि गंज तिथून धरतो. आधी मऊ कागदाने पाठीकडून पकडून, मुठीपासून टोकाकडे पुसा. धारेवरून बोट येऊ देऊ नका. सराव संपल्यावर पुन्हा पुसून तेलाचा अगदी पातळ थर द्या. जपानी चोजी तेलाला लवंगेचा वास असतो खरा, पण ते बहुतांश खनिज तेल असतं; आयुर्वेदिक दुकानातलं दातदुखीचं लवंग तेल लावू नका. म्यान करताना डाव्या अंगठ्यामागची चामडी कापल्याच्या जखमा नवशिक्यांत नेहमीच्या आहेत. पहिले काही महिने सावकाश, बघून म्यान करा, यात कमीपणा काही नाही.

दोन्ही केसा पूर्ण चटईवर सपाट येऊ लागल्या की खालून वर जाणारा काप, किरिआगे, घ्यायचा. त्यानंतर आडवा, सुइहेई. हा सगळ्यात अवघड, कारण वजनाची मदत मिळत नाही आणि कोन जराही चुकला की पातं वर किंवा खाली पळतं.

बांबू बराच नंतर. जपानमध्ये त्यासाठी ताजा, हिरवा, पोकळ बांबू घेतात, तोही बारीक, आणि काप दोन गाठींच्या मध्ये घेतात. इथे आपल्याकडच्या मंडळींना आवर्जून सांगायचं आहे: मानवेल आणि कोकणातला माणगा हे भरीव किंवा जवळजवळ भरीव बांबू आहेत. ‘बांबू तो बांबू’ म्हणून त्यावर तलवार चालवलीत तर धारेचा तुकडा उडेल. वाळलेला बांबू कोणत्याही जातीचा असो, नकोच. हिरवा पोकळ बांबू मिळाला तरी आधी कापायच्या जागेवर बोट फिरवून गाठ कुठे आहे ते बघा, तिच्या चार बोटं वर खडूने रेघ मारा आणि वाराची वाट त्या रेघेवरून जाते ना, हे तलवार हळूच टेकवून तपासा.