लिंक अ‍ॅग्रिगेशन शिकताना: नव्या नेटवर्क अभियंत्यांसाठी

नेटवर्कच्या कामात नव्याने आलेल्यांना मी आधी एकच प्रश्न विचारतो: दोन स्विच १ गिगाबिटच्या ४ केबलने जोडून त्या केबलचा पोर्ट चॅनल केला, म्हणजे लिंक अ‍ॅग्रिगेशनने त्या एकाच जोडणीत बांधल्या, तर एका टीसीपी कनेक्शनवरून जाणारी फाइल किती वेगाने जाईल? बहुतेकांचे उत्तर ४ गिगाबिट असते. प्रत्यक्षात मर्यादा १ गिगाबिटचीच राहते.

याचे कारण नीट समजून घ्यावे. पोर्ट चॅनल नसेल, तर लूप (फ्रेम गोल गोल फिरत राहणे) टाळण्यासाठी स्पॅनिंग ट्री ही स्विचमधली यंत्रणा त्यांपैकी ३ केबल अडवून ठेवते. चॅनल केल्यावर तिला एकच पोर्ट दिसतो आणि चारही केबल वापरात येतात. मात्र फ्रेमचा क्रम बिघडू नये म्हणून स्विच पत्त्यांवरून हॅश (गणिताने ठरणारा आकडा) काढतो आणि एका संवादाची सर्व वाहतूक एकाच केबलवर ठेवतो. हॅश केवळ मॅक पत्त्यांवर असेल आणि वाहतूक दोन राउटरमधली असेल, तर पत्त्यांची जोडी तीच राहते, त्यामुळे एक केबल तुडुंब भरते आणि उरलेल्या रिकाम्या राहतात. अशा ठिकाणी आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक यांवर आधारित हॅश निवडावा.

चॅनल बांधताना एलएसीपी (दोन्ही बाजूंनी संदेश देऊन-घेऊन चॅनल जुळवणारा प्रोटोकॉल) हाच वापरावा, असे माझे ठाम मत आहे. २००० साली ८०२.३एडी या मानकातून आलेला हा प्रोटोकॉल २००८ पासून ८०२.१एएक्समध्ये आहे. किमान एक बाजू ॲक्टिव्ह (स्वतःहून संदेश पाठवणारी) हवी; दोन्ही पॅसिव्ह ठेवल्यास चॅनल उभाच राहत नाही. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल फायबरला जोडणारे उपकरण) असेल, तर पलीकडची फायबर तुटूनही अलीकडचा दिवा पेटलेला राहू शकतो. स्टॅटिक (एलएसीपीशिवाय बांधलेला) चॅनल तेव्हा त्या मृत केबलवर फ्रेम पाठवत राहतो, तर एलएसीपी ३ संदेश चुकले की ती केबल बाजूला काढतो: फास्ट टाइमरवर ३ सेकंदांत, स्लो टाइमरवर ९० सेकंदांत.

सिस्कोच्या स्विचवर ‘शो इथरचॅनल समरी’ पाहताना चॅनलपुढे ‘एसयू’ (लेयर २, वापरात) आणि प्रत्येक पोर्टपुढे ‘पी’ (चॅनलमध्ये सामील) दिसले पाहिजे. लहान लिपीतला ‘एस’ दिसल्यास पोर्ट निलंबित आहे. बहुधा वेग किंवा व्हीलॅनची (स्विचवरील आभासी नेटवर्कची) यादी जुळत नसते. त्यानंतर पिंग चालू ठेवून एकेक केबल काढून पाहावी.

क्षमतेचा हिशेबही आधीच मांडावा. दोन केबल प्रत्येकी ७० टक्के भरलेल्या असतील, तर एक तुटताच दुसरीवर तिच्या क्षमतेच्या १४० टक्के भार येतो. शिवाय सगळ्या केबल एकाच स्विचमध्ये गेल्या असतील, तर तो स्विच बंद पडल्यावर चॅनल काहीच वाचवू शकत नाही. त्यासाठी स्टॅक (अनेक स्विच जोडून केलेला एकच स्विच) किंवा एमएलएजी (दोन स्वतंत्र स्विचवर पसरलेला चॅनल) वापरून केबल दोन स्विचमध्ये विभागाव्या लागतात.