शॉर्टहँडच्या फ्रेजेस: या चुका टाळा

साठची, म्हणजे मिनिटाला साठ शब्दांची, परीक्षा सुटली की मुलांना फ्रेजचं, म्हणजे दोन-चार शब्द एकाच जोडखुणेत लिहिण्याचं, वेड लागतं. कुणीतरी सांगितलेलं असतं की स्पीड फ्रेजनेच येतो. मग मोबाईलवर ‘एक हजार फ्रेजेस’ असली एखादी पीडीएफ फिरत येते आणि दुसऱ्या दिवसापासून वहीत शब्द दिसायचेच बंद होतात. दिसतात नुसत्या आळ्या. वाचायला सांगावं तर पहिल्याच ओळीला गाडी अडते.

फ्रेज कशासाठी असते ते आधी बघू. ८० च्या वेगाला एका शब्दाच्या वाट्याला पाऊण सेकंद येतो, १०० ला ०.६ सेकंद. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’ हे चार शब्द सांगायला ८० च्या वेगाने तीन सेकंद जातात. जोडून लिहिलेत तर एका सेकंदात संपतात आणि दोन सेकंद हातात उरतात. ते पुढच्या अडलेल्या शब्दासाठी. आता हीच आउटलाइन (शब्दांची शॉर्टहँडमधली आकृती) ‘कशी बरं जोडायची होती’ असा विचार करत लिहिलीत, तर तीनाचे पाच सेकंद होतात. मग फ्रेज केलीच कशाला?

शेपूट गिळणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर.

सरकारी मराठी ‘करण्यात’ या शब्दावर चालते. करण्यात येत आहे, करण्यात येईल, करण्यात यावे, करण्यात आले आहे, करण्यात येणार नाही. परिपत्रकाच्या एका पानावर हे दहा वेळा येतं, तेव्हा त्याची फ्रेज करायलाच हवी, याबद्दल वाद नाही. वाद पुढच्या भागाचा आहे. मुलं ‘करण्यात’ ठसठशीत काढतात, पुढे पेन्सिल सोडून देतात आणि एक नागमोडी शेपूट काढून मोकळी होतात. ‘सर, संदर्भावरून कळतं.’ नाही कळत. ‘यावे’ हा आदेश आहे, ‘येईल’ हे आश्वासन आहे आणि ‘आले आहे’ म्हणजे काम झालं. तिन्ही एकाच वाक्यात तितक्याच चपखल बसतात. संदर्भ कुठून मदत करणार?

एका जिल्ह्याच्या कार्यालयातली गोष्ट. कार्यालयाचं नाव घेत नाही. माझ्याकडे शिकून गेलेला मुलगा तिथे नवीनच लघुटंकलेखक म्हणून लागला होता. साहेबांनी परिपत्रक डिक्टेट केलं. त्यात वाक्य होतं, ‘थकबाकीची उर्वरित रक्कम कर्मचाऱ्यांना अदा करण्यात येईल.’ याने ‘करण्यात’ लिहून शेपूट ओढलं आणि टाइप करताना लावलं, ‘अदा करण्यात आली आहे’. साहेबांना मीटिंगला जायचं होतं, त्यांनी न वाचता सही ठोकली. परिपत्रक सूचना फलकावर लागलं. दुसऱ्या दिवशी आस्थापना शाखेत पासबुकं घेऊन रांग लागली. कुणी लेखा शाखेवर आरोप केला, कुणी बँकेवर, एका शिपायाने तर ‘माझी रक्कम कुणी खाल्ली’ असा तोंडी पुकारा केला. संघटनेचे पदाधिकारी निवेदन घेऊन हजर. अखेर शुद्धिपत्रक निघालं: ‘“करण्यात आली आहे” याऐवजी “करण्यात येईल” असे वाचावे.’ ते शुद्धिपत्रक यालाच टाइप करावं लागलं.

मला भेटायला आला तेव्हा वही घेऊनच आला होता. मी म्हटलं, वाच. त्याने पुन्हा ‘आली आहे’ असंच वाचलं. कारण विचारलं तर म्हणतो, ‘सर, साहेब नेहमी तसंच म्हणतात.’ म्हणजे वहीत काय आहे हे तो वाचतच नव्हता, साहेबांची सवय वाचत होता.

माझी पद्धत अशी आहे. ‘करण्यात’ची एक ठरलेली छोटी आउटलाइन, आणि क्रियापदाचं शेवटचं रूप त्याला जोडायचं असेल तर पूर्ण जोडायचं, नाहीतर सुटं लिहायचं. मी स्वतः सुटंच लिहितो. ‘यावे’साठी तर मी एक स्वर, म्हणजे एरवी वेगात गाळतो ती स्वराची खूण, जास्तीचा घालतो, कारण आदेश चुकला तर शिव्या टंकलेखकालाच बसतात. ज्या शब्दावर वाक्याचा अर्थ वळतो, तो शब्द फ्रेजमध्ये कोंबायचा नाही, एवढं माझं साधं गणित आहे. काळ, नकार, आकडा आणि नाव. बाकी काय जोडायचं ते जोडा.

नकार

इंग्रजी पिटमनमध्ये, म्हणजे आयझॅक पिटमनच्या शॉर्टहँड पद्धतीत, ‘इट इज नॉट’ची फ्रेज छान होते. ट, त्यावर सर्कल (‘स’चं छोटं वर्तुळ), पुढे अर्ध्या लांबीचा न (अर्धा केला की त्यात ट मिसळतो). आणि ‘इट इज नाउ’? ट, सर्कल, पूर्ण लांबीचा न आणि त्याला चिकटलेली ‘आउ’ची टिचकी, म्हणजे छोटी खूण. संथ लिहिताना दोन्हीत फरक स्पष्ट दिसतो. शंभरच्या वेगाला घाईत अर्धा न पाऊण होतो, पूर्ण न पाऊण होतो, टिचकी राहून जाते, आणि ‘मंजुरी देणे शक्य नाही’चं ‘आता शक्य आहे’ होऊन जातं.

खरी गोम फ्रेजमध्ये नसते, स्ट्रोकच्या, म्हणजे व्यंजनाच्या रेघेच्या, लांबीत असते. ‘इफ’चा फ अर्धा केला की ‘इफ इट’, पूर्ण लिहिला की ‘इफ’, दुप्पट केला की ‘इफ देअर’. एकाच स्ट्रोकच्या तीन लांब्यांवर तीन अर्थ उभे आहेत. ज्याच्या वहीत साधा फ सुद्धा दर ओळीला वेगळ्या मापाचा येतो, त्याने या फ्रेजेसना हातच लावू नये. त्याने आधी महिनाभर स्ट्रोक गिरवावेत. हे सांगितलं की चेहरे पडतात, कारण गिरवणं हे पहिल्या आठवड्याचं काम आहे असं सगळ्यांना वाटतं. ऐंशीच्या बॅचलाही मी गिरवायला लावतो. जे चिडतात ते दुसऱ्या इन्स्टिट्यूटला जातात, जाऊ देत.

‘आय कॅन’ आणि ‘आय कॅनॉट’लाही हेच लागू. तिथे निदान नकाराच्या क ला न चा हुक (रेघेच्या टोकाचं छोटं वळण) असतो, म्हणून थोडी तरी खात्री. पण हुक आळशी झाला की तीही गेली. मराठीत ‘नाही’ मी कधीच मागच्या शब्दाला जोडत नाही. वेळ जातो तो जाऊ दे.

डिक्टेशन चालू असताना शोध लावणं

वर्गात एक तरी ‘पिटमन’ असतोच. खऱ्या आयझॅक पिटमनने १८३७ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे आयुष्यभर ती घासत, सुधारत राहिला. आमचा पिटमन पाचव्या मिनिटाला, चालू डिक्टेशनमध्ये, नवीन फ्रेज काढतो. ‘जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत’ हे एका झटक्यात लिहून टाकतो आणि आपल्याच हुशारीवर खूश होऊन क्षणभर थांबतो. त्या क्षणात पुढचे चार शब्द निसटतात. आणि तीच आउटलाइन तासाभराने समोर ठेवली तर तो ती ‘जनसमितीच्या’ की ‘जिल्हा समितीच्या’ असं चाचपडत बसतो.

नवीन फ्रेज घरी, शांतपणे करायची. जुन्या पुस्तकांनी यासाठी तीन कसोट्या दिल्यात आणि त्या अजून टिकून आहेत: हात सहज वळला पाहिजे, आउटलाइन ओळीच्या फार वर किंवा फार खाली जाता कामा नये, आणि नंतर वाचता आली पाहिजे. मुलं पहिली कसोटी बघतात आणि थांबतात. माझ्याकडे एक लांबट डायरी असते. त्यात फ्रेज लिहून ठेवतो, आठवडाभर तिच्याकडे बघत नाही, मग समोरचा अर्थ झाकून वाचून बघतो. अडखळलो की खोडून टाकतो, कितीही सुंदर दिसत असली तरी.

आणि फ्रेज कामाच्या जागेवरून ठरते, पीडीएफवरून नाही. विधानसभेचं कामकाज घेणाऱ्या प्रतिवेदकाला ‘अध्यक्ष महाराज’ची फ्रेज हवीच, कारण सदस्य श्वास घ्यायच्या आधी तेच म्हणतात. कोर्टातल्या लघुलेखकाला त्याचा काय उपयोग? त्याला ‘वादीचे म्हणणे असे आहे की’ हवं. मंत्रालयात बसणाऱ्याला ‘उपरोक्त विषयास अनुसरून’. ज्याने कधी साहेबाचं डिक्टेशन घेतलेलं नाही, त्याने हजार फ्रेजेस पाठ करणं म्हणजे पोहायला न शिकता विहिरींची नावं पाठ करणं.

छोट्या पण रोजच्या

इंग्रजी ‘द’ (the) ची टिचकी फ्रेजच्या शेवटी येते, सुरुवातीला कधीच नाही, आणि ती टिचकीच राहिली पाहिजे. अर्धा इंच ओढलीत तर तो स्ट्रोक झाला.

फ्रेज कुठे बसवायची ते पहिला शब्द ठरवतो. तो ओळीच्या वर असेल तर अख्खी फ्रेज तिथून निघते, मागून येणाऱ्यांनी मिळेल तिथे बसायचं. त्यामुळे मागचे शब्द आपली जागा गमावतात, आणि जागा गेली म्हणजे स्वराची खूण गेली, कारण शब्द ओळीच्या वर आहे की खाली, यावरूनच स्वर ओळखतात. शंका येण्यासारखा शब्द असेल तर त्याला एक स्वर द्या. एका स्वराने कुणी नापास होत नाही. ‘विथ मच’सारख्या काही फ्रेजेसमध्ये पहिला शब्दच थोडा सरकवून दुसऱ्याला जागा देतात, तो पुस्तकातला अपवाद आहे. तुम्ही स्वतः अपवाद तयार करू नका.

आकडे आणि माणसांची नावं फ्रेजमध्ये नकोत. बस.

स्ट्रोक आडवा छेदून लिहायची सोय आहे, जसं ‘पार्टी’साठी मागच्या आउटलाइनला प ने छेद. सोय चांगली आहे, पण मराठीत लोक म चा छेद मंडळ, महामंडळ, मंत्रालय आणि मंत्री या चौघांसाठी वापरतात आणि मग राज्य मार्ग परिवहन ‘मंत्रालय’ जन्माला येतं. एका छेदाला एकच अर्थ. माझा म महामंडळासाठी आहे, बाकीचे तिघे मी लिहून काढतो.

वाक्य जिथे थांबतं तिथे फ्रेजही थांबली पाहिजे. ‘ही केवळ मागणी नाही, तर हक्क आहे’ असं बोलणारा ‘नाही’नंतर थांबला. तुम्ही मात्र ‘नाहीतर’ जोडून मोकळे. टाइप झाल्यावर वाचा: ‘ही केवळ मागणी नाहीतर हक्क आहे.’ यापेक्षा वाईट उदाहरणं माझ्याकडे आहेत, पण ती कोर्टातली आहेत, म्हणून राहू देत. कानाने स्वल्पविराम ऐकायला शिका.

जेल पेनने पिटमन लिहू नका. प आणि ब, ट आणि ड, क आणि ग यांत फरक फक्त बारीक-जाड रेघेचा आहे, आणि जेल पेनला सगळ्या रेघा सारख्याच. सुटा शब्द एक वेळ ओळखता येतो, फ्रेजमध्ये तीन-चार स्ट्रोक एकत्र आले की अंधार. एचबी पेन्सिल, दोन्ही टोकं तासलेली, आणि तिसरी टेबलावर.

इंग्रजी शिकून मग मराठी शॉर्टहँडला आलेल्यांची एक वेगळी खोड असते. तेच स्ट्रोक, म्हणून इंग्रजी फ्रेज मराठीत घुसते. एरवी चालून जाईल, पण आपल्याकडचे अधिकारी अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलतात. ‘फायनान्सची कन्करन्स आल्यानंतर’ अशा वाक्यात पुढची आउटलाइन कोणत्या भाषेतली, हे वही सांगत नाही. इंग्रजी शब्दाखाली मी बारीक रेघ मारतो. दिसायला बावळट दिसतं.

ट्रान्स्क्रिप्शनला बसल्यावर

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या स्टेनोग्राफर ग्रेड डी परीक्षेत इंग्रजीला ८० च्या वेगाने दहा मिनिटांचं डिक्टेशन असतं, म्हणजे ८०० शब्द, आणि टाइप करायला ५० मिनिटं. वेळ पुरतो. तरी मुलं एका न वाचता येणाऱ्या फ्रेजवर दहा मिनिटं घालवतात, आणि शेवटचे दोन परिच्छेद धावत टाइप करतात. गाळलेला प्रत्येक शब्द पूर्ण चूक धरला जातो, म्हणजे चार शब्दांची फ्रेज गेली की चार चुका गेल्या, आणि वरून घाईतल्या वेगळ्या.

म्हणून डिक्टेशन चालू असतानाच, जी फ्रेज लिहिताना हात अडखळला, तिच्या शेजारी समासात बारीक ठिपका टाकायचा. त्याला वेळ लागत नाही. टाइप करताना ठिपक्यापाशी आलात आणि वाचता आलं नाही, तर तेवढी जागा सोडून पुढे जा. पॅसेज पुढे सरकला की विषय कळतो, तीच फ्रेज बहुधा खाली पुन्हा येते आणि दुसऱ्या वेळी तुम्ही ती नीट लिहिलेली असते. मग वर या आणि भरा. फक्त सोडलेली जागा भरल्याशिवाय पेपर देऊ नका. दरवर्षी कुणीतरी देतोच.