झिजलेल्या ठशाचा स्लॅब-सेरिफ पोस्टरवर कसा वापरावा

जाड अंगाचा, चौकोनी टोकांचा आणि जागोजागी शाई उडाल्यासारखा दिसणारा स्लॅब-सेरिफ फाँट वापरण्यापूर्वी त्यावरची झीज मुळात कशी होत असे, हे समजून घ्यावे. नाहीतर जुनेपणाऐवजी नुसता मळकटपणा हाती येतो. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८१५च्या सुमारास या घडणीचा टाइप ‘अँटिक’ या नावाने आणला आणि १८२७ मध्ये न्यू यॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी लाकडी खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे ठोकळे, यंत्राने कोरायला सुरुवात केल्यावर अशी अवाढव्य अक्षरे जाहिरातींत स्वस्तात छापता येऊ लागली. हे खिळे आदळत-आपटत वापरले जात, त्यामुळे त्यांचे कोपरे आधी मोडत, खड्डा पडलेल्या जागी शाई लागत नसे आणि किंचित बुटका खिळा फिकट उमटत असे. म्हणून ज्या फाँटमध्ये वाळू भुरभुरल्यासारखे सारखे ठिपके सर्वत्र पसरलेले असतील, तो सरळ बाजूला ठेवावा.

खरी परीक्षा पुनरावृत्त अक्षरांची असते. ‘कॉफी’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन एफ आणि दोन ई येतात; छापखान्यात ते चार वेगळे खिळे असत, त्यामुळे दोन्ही एफवर एकाच जागी एकच ओरखडा दिसला की बनाव उघडा पडतो. चांगल्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची पर्यायी रूपे असतात, ती निवडावीत. नसल्यास शब्द कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे संपादन करता येतील अशा आकृत्यांत रूपांतर करून, एकेका अक्षराची झीज हाताने बदलावी. ओ आणि आय तर उलटे फिरवले तरी काम भागते.

फाँट फक्त मथळ्याला लावावा. साधारण ४८ पॉइंटच्या खाली ओरखडे छपाईतल्या दोषासारखे दिसतात, म्हणून पत्ता आणि वेळ यांसाठी क्लॅरेंडन किंवा रॉकवेलसारखा स्वच्छ स्लॅब घ्यावा. इंग्रजी कॅपिटल अक्षरांपैकी बहुतेकांना खाली शेपट्या नसल्याने ७२ पॉइंटच्या ओळींना ६६ पॉइंटचे अंतर पुरते. ए आणि व्ही यांच्यातली फट मात्र अगदी बुजवू नये, कारण लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांत शिरत नसत. झिजलेल्या अक्षरांवर पुन्हा जुन्या कागदाचा पोत चढवणे मला तरी अनावश्यक वाटते. फिकट कागद, काळी शाई आणि फार तर एक लाल ओळ पुरेशी आहे. विनाइल कापून पाटी करायची असल्यास झीज नसलेलेच रूप द्यावे, कारण बारीक छिद्रे कापताना यंत्र अडखळते आणि ती साफ करणाऱ्याचे हाल होतात.

त्याच पोस्टरवर मराठी ओळ असेल, तर तिच्यावर तीच झीज यांत्रिकपणे लादू नये. शिरोरेषेला पडलेली चीर वाचकाला दोन शब्दांमधली जागा वाटते, आणि एखाद्या ओरखड्याने अनुस्वार खाल्ला, तर ‘चिंता’ची ‘चिता’ होते.