ओपॉसमच्या वृषणाची स्लाइड वाचताना या चुका टाळा

व्हर्जिनिया ओपॉसम या शिशुधानी प्राण्याच्या वृषणाचा सेक्शन (पातळ काप) पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास शंका येते: ही गाठ तर नाही? नसते. शुक्रजनक नलिकांमधली जागा लायडिग पेशींनी (टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशींनी) खच्चून भरलेली असणं या प्राण्यात नैसर्गिकच आहे. आपली नजर उंदराच्या स्लाइडला सरावलेली असते, आणि तिथे या पेशी छोट्या पुंजक्यांनी दिसतात.

पेशीद्रव फेसाळ दिसला की ‘पेशी मरायला लागली’ असं लिहून मोकळं होऊ नका. ऊती पॅराफिन मेणात बसवण्यासाठी वापरलेल्या अल्कोहोल-झायलीनने मेदाचे थेंब धुऊन नेले, मागे भोकं उरली, एवढंच. मेद पाहायचाच तर गोठवलेला सेक्शन घेऊन ऑइल रेड ओ हा मेद रंगवणारा रंग लावा.

खरी फसगत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली होते. 1961 साली क्रिस्टेन्सन आणि फॉसेट या संशोधकांनी याच प्राण्याच्या लायडिग पेशींत गुळगुळीत अंतर्द्रव्यजालिकेचं (पेशीतल्या पटलांच्या बारीक नळ्यांचं) दाट जाळं दाखवलं. टेस्टोस्टेरॉन घडवण्यातले बरेच टप्पे तिथेच पार पडतात. पण नवशिक्याला जाळं दिसत नाही, सुटे गोल दिसतात, आणि वहीत ‘पुटिका’ (सुट्या छोट्या पिशव्या) अशी नोंद होते. सेक्शनची जाडी साधारण 60 ते 90 नॅनोमीटर, नळ्याही जवळपास तेवढ्याच बारीक. फाटे फुटलेली नळी इतक्या पातळ कापात आडवी छेदली गेली तर गोलच दिसणार. तिरक्या छेदाच्या जागा शोधा, तिथे फाटे सापडतात.

अर्थात कधी त्या खरोखरच पुटिका असतात. फिक्सेशन (रसायनाने ऊती आहे तशी टिकवणं) बिघडलं की जाळं तुटून फुग्यांची रांग होते. अशा वेळी मी आधी शेजारच्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) बघतो. त्या फुगलेल्या, आतून फिकट आणि घड्या तुटलेल्या असतील तर त्या फोटोवरून जाळ्याबद्दल काहीही लिहू नये. बफरची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) तपासा, तुकडे 1 मिलिमीटरच्या आत ठेवा. ऑस्मियम हे फिक्सेशनचं रसायन ऊतीत फार हळू शिरतं. मोठ्या तुकड्याच्या गाभ्यापर्यंत ते पोचेस्तोवर तिथली पेशी बिघडलेली असते.

कापाच्या कडेला काळपट, आक्रसलेल्या पेशी दिसल्या म्हणून ‘लायडिगचा दुसरा प्रकार’ जाहीर करायची घाई नको; बऱ्याचदा तो चिमट्याचा प्रताप असतो.

आणि रायन्केचे स्फटिक (पेशीतले प्रथिनांचे स्फटिक) शोधत बसू नका. ते माणसाच्या लायडिग पेशींची खूण आहेत. ओपॉसममध्ये ते दिसले नाहीत म्हणून पेशीची ओळख चुकली असं होत नाही.