वाद मिटवायला डिजिटल ग्रंथालय वापरताय? या चुका टाळा

ठाणे जिल्ह्यात शांतता समित्या, मोहल्ला कमिट्या आणि सोसायट्यांमध्ये काम करणारी मंडळी हल्ली बैठकीआधी मोबाइलवर मूळ कागद शोधतात. ही फार चांगली सवय आहे. अफवेला उत्तर द्यायचं तर कागद हवाच. पण आपली बाजू जिंकण्यासाठी शोधलेला कागद बैठकीत आला की वाद आणखी चिघळतो.

जुनी प्रत फडकावणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लाउडस्पीकरचंच घ्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. त्या मूळ प्रतीत उघड्या जागेवर रात्री 10 ते सकाळी 6 बंदी दिसते. सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देण्याची तरतूद 2002 च्या दुरुस्तीत आली. एका गटाकडे जुनी प्रत, दुसऱ्याकडे नवी. दोघंही ‘नियमच दाखवतो’ म्हणतात, दोघंही खरं बोलत असतात, आणि समोरचा खोटारडा आहे अशी दोघांची खात्री पटते. उपाय साधा आहे. प्रतीवर शेवटच्या दुरुस्तीची तारीख पाहा आणि सवलतीचे दिवस जाहीर करणारा चालू वर्षाचा आदेश सोबत ठेवा.

मध्यस्थी कायदा, 2023 बाबतही तसंच. शेजाऱ्यापाजाऱ्यांतल्या, परिसराची शांतता बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी त्यात तीन मध्यस्थांच्या पॅनेलची सोय आहे. पण 9 ऑक्टोबर 2023 ला या कायद्यातली फक्त काही कलमं लागू झाली. ‘इंडिया कोड’ या सरकारी कायद्यांच्या संकेतस्थळावर कायदा सापडला तरी आपल्याला हवं ते कलम लागू झालंय का, हे अधिसूचनेत तपासा.

अहवालातलं एकच पान पुढे पाठवणं

ही चूक मला सर्वांत घातक वाटते. मे 1970 मधल्या भिवंडी, जळगाव आणि महाडच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. चौकशी आयोगाच्या अहवालात आधी प्रत्येक पक्षाचं म्हणणं मांडलेलं असतं, मग पुरावा आणि शेवटी निष्कर्ष. मधल्या पानाचा स्क्रीनशॉट काढला तर एखाद्या पक्षाचा आरोपही ‘आयोगाने म्हटलंय’ म्हणून फिरतो. निष्कर्षाचं प्रकरण वाचल्याशिवाय एकही ओळ ग्रुपवर टाकू नका. आणि भिवंडीबद्दल वाचायचंच, तर 1984 च्या दंगलीनंतर तिथे उभ्या राहिलेल्या मोहल्ला कमिट्यांबद्दलही वाचा. 1992-93 मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. ते कसं जमलं, हे आज बैठकीला बसणाऱ्यांना जास्त उपयोगी आहे.

‘काही सापडतच नाही’

बऱ्याचदा पुस्तक असतं, शोधशब्द चुकतो. 1962 च्या नव्या लेखननियमांआधीच्या मराठीत ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार आहेत. दोन्ही रूपं टाकून पाहा. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात कित्येक मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत नोंदलेली आहेत. स्कॅन केलेल्या देवनागरी पानांवर मजकुराचा शोध अनेकदा चालत नाही, तिथे अनुक्रमणिका उघडून पान गाठावं लागतं. ‘नॅशनल डिजिटल लायब्ररी’ बऱ्याचदा दुसऱ्या संस्थेकडच्या प्रतीकडे पाठवते. तो दुवा मेला असेल तर पत्ता ‘वेबॅक मशीन’मध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर टाका. तरीही अडलं, तर 1893 पासून चालू असलेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच. ग्रंथपालाला विचारण्यात कमीपणा नाही.

एकट्याने शोधून निकाल सुनावणं

दोन्ही बाजूंचा एकेक माणूस शेजारी बसवून शोध घ्या. समोरच्याला उर्दू किंवा हिंदी सोयीची असेल, तर त्या भाषेतली प्रतही त्याच वेळी उघडा. इतिवृत्तात कागदाचं नाव, वर्ष, पान आणि तो उघडल्याची तारीख लिहा, फाइल उतरवून ठेवा आणि खाली दोघांच्याही सह्या घ्या.