कार्यक्रमाचा अंदाज कुठे फसतो? या चुका टाळा

"किती लोक येतील?" या प्रश्नाला आयोजक एकच आकडा सांगतो आणि तिथून पुढे सगळं त्या आकड्यावर उभं राहतं: हॉल, खुर्च्या, जेवण, पार्किंग. पण एक आकडा म्हणजे अंदाज नव्हे. कमीत कमी, बहुधा आणि जास्तीत जास्त असे तीन आकडे लिहा. त्यातल्या कशासाठी कोणता आकडा धरायचा, हे वेगवेगळं ठरवा. सुरक्षा आणि बाहेर पडायचे रस्ते नेहमी सर्वांत मोठ्या आकड्यावर, खुर्च्या मधल्यावर. खुर्च्या वाढवणं सोपं असतं, रिकाम्या रांगा लपवणं अवघड.

नोंदणी म्हणजे हजेरी असं समजणं

मोफत कार्यक्रमाला नाव नोंदवायला काहीच पडत नाही, म्हणून न यायलाही काही वाटत नाही. पैसे भरलेला माणूस सहसा येतो. दोन्ही गटांना एकच टक्केवारी लावलीत की हिशोब बिघडलाच. तुमच्याच मागच्या कार्यक्रमात नोंदणी किती आणि प्रत्यक्ष आले किती, ते प्रमाण वापरा. ते नसेल तर दोन दिवस आधी "येताय ना?" असा मेसेज पाठवा आणि त्यातच नाव रद्द करायची सोय द्या. बरेच जण प्रामाणिकपणे नाही म्हणतात, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

उलटी चूकही होते. नोंदणी बहुतेक वेळा शेवटच्या काही दिवसांत उसळते, त्यामुळे महिनाभर आधीचा थंड प्रतिसाद पाहून घाईने छोटा हॉल घेतला जातो. मागच्या वेळी याच टप्प्यावर किती नावं होती, त्याच्याशी तुलना करा.

जुना आकडा तसाच धरून ठेवणं

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या आयोजकांनी स्थानिक प्रशासनाला सुमारे ५० हजार लोक येतील असं सांगितलं होतं. आगाऊ तिकिटंच १ लाख ८६ हजारांच्या आसपास विकली गेली आणि आले चार लाखांच्या घरात. त्यात जागा महिनाभर आधी बदलावी लागलेली. कुंपण आणि तिकीटखिडक्या वेळेत उभ्या राहिल्या नाहीत, शेवटी प्रवेश मोफत जाहीर करावा लागला. विक्रीने पहिल्या अंदाजाला कधीच मागे टाकलं होतं. म्हणून अंदाज बदलायच्या तारखा आधीच ठरवून ठेवा, आणि त्या केटररला पक्का आकडा कळवायच्या, हॉलची आगाऊ रक्कम भरायच्या तारखांच्या एक-दोन दिवस आधीच्या ठेवा. आकडा कळला, पण निर्णयाची मुदत टळून गेली, तर तो काय कामाचा?

एकूण संख्या मोजणं, येण्याची वेळ न मोजणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. ६०० लोकांचा कार्यक्रम सहाला सुरू होतोय. त्यातले ६० टक्के, म्हणजे ३६० जण, शेवटच्या अर्ध्या तासात आले असं धरा: मिनिटाला १२. एका माणसाचं तिकीट तपासायला २० सेकंद लागले तर एका टेबलावरून मिनिटाला तिघे आत जातात. तीन टेबलं असली तर अर्ध्या तासात २७० जण आत गेले, म्हणजे सहा वाजता ९० जण बाहेर ताटकळत. चार टेबलं कागदावर पुरतात, पण एखादा स्कॅनर अडला की संपलं. पाच ठेवा.

रांग तरीही तुंबली तर कारण बहुधा एकच असतं: कुणाचं नाव सापडत नाही आणि त्याच्यामागे सगळे खोळंबतात. अशांना लगेच बाजूच्या वेगळ्या टेबलावर पाठवा आणि तिथे निर्णय घेऊ शकणारा माणूस बसवा, नवखा स्वयंसेवक नको. तेवढ्यानेही भागलं नाही तर सुरुवात दहा मिनिटं पुढे ढकला आणि आत बसलेल्यांना तसं माईकवरून सांगा.

तयारीच्या वेळेबद्दल भाबडा आशावाद

डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीला "प्लॅनिंग फॅलसी" म्हटलं: तशीच कामं पूर्वी लांबली होती हे माहीत असूनही माणूस या वेळी सगळं सुरळीत होईल असं धरतो. साउंड चेकला अर्धा तास लिहिलेला असतो. मागच्या वेळी दीड लागला होता, तर दीडच लिहा.

हवामानाचा टक्का चुकीचा वाचणं

"पावसाची शक्यता ३० टक्के" म्हणजे ३० टक्के वेळ पाऊस नव्हे. असा अंदाज दिलेल्या दहा दिवसांपैकी साधारण तीन दिवस त्या ठिकाणी पाऊस पडतो, असा त्याचा अर्थ. उघड्यावरच्या कार्यक्रमासाठी तीन-दहांश ही लहान जोखीम नाही. आत हलवायचं की नाही हे कोण ठरवणार आणि किती वाजता, हे दोन्ही आधीच लिहून ठेवा. नाहीतर पाच जण आभाळाकडे बघत बसतात आणि सामान हलवायला वेळच उरत नाही.

कार्यक्रम संपल्यावर अभिप्रायाचे फॉर्म सगळे जपतात, पण स्कॅनरमधल्या वेळांची यादी बहुतेक जण पुसून टाकतात. नावं आणि फोन नंबर काढून फक्त वेळा ठेवा. पुढच्या वेळी दारावर किती टेबलं लागतील, ते त्या यादीतूनच कळतं.