टायरची हवा: बार की पीएसआय?

गाडीच्या दाराजवळच्या स्टिकरवर २.२ बार किंवा २२० किलोपास्कल लिहिलेलं असतं आणि नागपुरातला हवावाला विचारतो, "किती टाकू, तीस की पस्तीस?" तो पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला पौंड या दाबाच्या एककात बोलतोय. बारला १४.५ ने गुणा, २.२ बार म्हणजे ३२ पीएसआय. किलोपास्कलला ६.९ ने भागा. गेजवर चौरस सेंटिमीटरला किलो असा आकडा असेल तर तो बारच समजा, फरक जेमतेम दोन टक्क्यांचा.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणून मे महिन्यात तरी हवा सकाळीच तपासा. भर दुपारी वर्धा रोडवरून तापून आलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसू शकतात. तेवढ्यावरून हवा मुळीच काढू नका. टायर थंड झाला की दाब कमी पडेल.